फिरतं दुखणं

शिरूरच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली आहे. १९७१ पर्यंत तिथे नकाशांच्या गुंडाळ्या आणि मोडकी बाकं ठेवत. त्या जूनमध्ये ती रिकामी झाली आणि दारावर पाटी लागली : ‘मार्गदर्शन कक्ष. सा. ब. रणपिसे, एम. ए. (मानसशास्त्र).’ तिसऱ्या दिवशी पाटीखाली कुणीतरी खडूने लिहिलं, ‘येड्यांनी रांगेत यावे.’ शिपाई फडकं घेऊन आला तेव्हा रणपिसे म्हणाले, “राहू दे. निदान वाचायला तरी कुणी थांबेल.”

सावळाराम रणपिसे तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. वडील बन्सी शिरूरच्या बाजारात पोती वाहत. छप्पन साली घराने धम्म घेतला, कोनाड्यातले देव नदीत गेले आणि बन्सीने मुलाला बजावलं की तुझ्या पाठीवर पोतं येता कामा नये. मुलगा पुण्याच्या वसतिगृहात राहून शिकला. मानसशास्त्रच का घेतलं, याचं त्यांनी दिलेलं कारण साधं आहे. ते नऊ वर्षांचे असताना थोरल्या बहिणीला ताप आला. भगताने लिंबाच्या डहाळ्यांनी झोडून तिच्या अंगातलं ‘बाहेरचं’ काढलं. बहीण पाचव्या दिवशी गेली. शहाणी माणसं असल्या गोष्टी का मानतात, ते त्यांना शिकायचं होतं.

एम. ए. झाल्यावर मानसशास्त्र शिकवायला कुठे जागा नव्हती. चार वर्षं त्यांनी खेड्यावरच्या शाळेत भूगोल शिकवला. मग मुंबईला जाऊन सरकारचा व्यवसाय मार्गदर्शनाचा वर्ग केला आणि ही खोली मिळवली. काम होतं अकरावीच्या मुलांच्या चाचण्या घेऊन कुणी पुढे काय शिकावं ते सांगण्याचं. पहिल्या दोन वर्षांत दोनशेच्या वर चाचण्या झाल्या. ज्याला यंत्रकामाचा कल निघाला तो बापाच्या किराणा दुकानात बसला, जिला शिक्षिका व्हा असं सांगितलं तिचं मार्गशीर्षात लग्न झालं. रणपिसे निकाल वहीत नीट लिहून ठेवत. वहीत सहा रकाने असत : नाव, घर, कल, तक्रार, निरीक्षण, अर्थ.

त्यांना खरं काम दिलं ते हौसरावांनी.

हौसराव दौंडच्या एका शाळेत पी. टी. मास्तर. रेल्वे वसाहतीतल्या मुलींचा खो-खोचा संघ ते स्वतःच्या हौसेने चालवत. १९७३ च्या डिसेंबरात शिरूरला सामने होते आणि त्यांचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. एक मुलगी पाठीवर हात पडायच्या आतच जागेवरून उठत होती. पाच वेळा फाऊल. सामना संपल्यावर हौसराव शाळेत पाणी प्यायला आले, पाटी वाचली आणि शिट्टी गळ्यात तशीच ठेवून आत शिरले.

“सर, येड्यांचे डॉक्टर तुम्हीच ना?”

“मी डॉक्टर नाही.”

“मग तर बरंच झालं, सुई टोचणार न्हाई. माझ्याकडं नऊ येड्या हायेत. सरावाला वाघिणी आन् सामन्याला शेळ्या. काय करता येतंय का बघा.”

रणपिसे एक रविवार आड दौंडला जाऊ लागले. चौफुल्याला एस. टी. बदलावी लागे. तीन रविवार त्यांनी फक्त बघितलं आणि लिहिलं. चौथ्या रविवारी ते हौसरावांना म्हणाले, “ती मुलगी खो ऐकून उठत नाही. तुमचं तोंड बघून उठते. तुम्ही ओठ हलवता.”

“मी?”

“तुम्ही. उद्यापासून मैदानाकडे पाठ करून उभे राहा.”

हौसराव पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगत : “माझ्याच टीमकडं मला पाठ करून हुबा केला ओ! एवढं तर बायकोनं बी कवा केलं न्हाई.” पण मुलगी वेळेवर उठू लागली. फेब्रुवारीत संघ तालुक्यात पहिला आला. मग कुणी शर्यतीआधी ओकणारा धावपटू घेऊन आलं, कुणी पोलीस लाइनीतला, पंचाची शिट्टी वाजली की दम तुटणारा कबड्डीपटू आणला. दोन वर्षांत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत खेळणाऱ्या पोरांच्या मनाचं बघणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. पाटीखाली पुन्हा कुणी काही लिहिलं नाही.

संघातली सगळ्यांत चांगली मुलगी अंजना. वय चौदा, नववीत. वडील मच्छिंद्र दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी, इंजिनं पुसण्या-घासण्याच्या कामावर. एका खोलीच्या क्वार्टरमध्ये सात माणसं. पळतीला आली की अंजना तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागत नसे. खांबापाशी ती अशी वळायची की मागून येणारी मुलगी सूर मारून मोकळ्या मातीवर पडायची.

१९७४ च्या दिवाळीनंतर ती लंगडायला लागली. आधी उजवा गुडघा. हौसराव म्हणाले, “बसवतो तिला. पोरगी लंगडतीय म्हंजी लंगडतीय, त्यात काय शास्त्र बघायचं?” पुढच्या रविवारी रणपिसे गेले तेव्हा उजवा गुडघा चांगला होता आणि डावा घोटा दुखत होता. त्याच्या पुढच्या खेपेला घोटा बरा आणि मनगट धरलेलं. जिल्ह्याचे सामने जानेवारीत होते आणि अंजना पहिल्यांदाच कर्णधार होती.

रणपिसे यांना ते कोडं सुटल्यासारखं वाटलं. पाय मुरगळला तर तो मुरगळल्या जागीच दुखतो. जागा बदलत फिरणारं दुखणं अंगाचं कसं असेल? ते मनाचं. मुलीच्या डोक्यावर कर्णधारपदाचं ओझं आहे, ते तिला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून शरीर सांगतं. त्यांनी असं वाचलंही होतं.

त्याच दिवशी ते अंजनाच्या घरी गेले. आई कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने सगळं सांगितलं आणि त्यांनी ते ‘तक्रार’ या रकान्यात लिहून घेतलं : दिवाळीत घसा धरला होता. अंगात कसर असते. संध्याकाळी कणकण. खेळायला नको म्हणत नाही.

“सर, बाहेरचं तर नसंल?” कस्तुराबाईने विचारलं. “आज हितं, उद्या तितं. शेजारणी म्हंत्यात गोपाळवाडीच्या भगताला दाखीव. मी म्हणलं, त्यापरीस रेल्वेच्या दवाखान्यात नेते.”

भगत हा शब्द ऐकल्यावर रणपिसे यांचा आवाज चढला. “भगताकडे तर मुळीच न्यायचं नाही. माझी बहीण गेलीय त्या पायी.” आणि त्याच दमात ते पुढे म्हणाले, “दवाखान्याचीही गरज नाही. खरी दुखापत जागा सोडत नसते. हे मनाचं आहे. ते माझ्यावर सोडा.”

कस्तुराबाईने मान डोलावली. इतका शिकलेला माणूस तिच्या दारात बसून तिच्या मुलीविषयी बोलत होता. तिने भगत सोडला आणि दवाखानाही.

शिरूरच्या एका दुकानातून रणपिसे यांनी होमिओपॅथीच्या कोऱ्या गोळ्यांची बाटली आणली. औषध न घातलेली नुसती साखर. अंजनाला सांगितलं, रोज चार घ्यायच्या, दुखणं जाईल. हौसरावांना खरं सांगितलं. चौथ्या दिवशी मनगट बरं झालं. आठवड्याने गुडघा पुन्हा दुखला, तोही गोळ्या वाढवल्यावर पाच दिवसांत उतरला.

“साखर?” हौसराव बाटली उन्हात धरून बघत होते.

“साखर.”

“आन् दुखणं पळालं?”

“दुखणं मनातच होतं.”

“आयला. मग आमच्या सासूला बी द्या की चार. तिचं तर वर्षभर फिरतंय, आन् सगळं माझ्याच घरात.”

मग रणपिसे अंजनाशी बोलले, अर्धा तास, मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली. तिला दरडावलं नाही. समजावून सांगितलं की तू खोटं बोलत नाहीस, पण तुझं मन तुला फसवतंय. दुखायला लागलं की स्वतःला म्हणायचं, हे खरं नाही. अंजना हुशार होती. तिने ते शिकून घेतलं.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ती चार मिनिटं चाळीस सेकंद पळाली. बाहेर आल्यावर छातीवर हात धरून खाली बसली. रणपिसे यांनी नाडी मोजली : एकशे चाळीस. दहा मिनिटांनी पुन्हा मोजली : एकशे चोवीस. ‘अर्थ’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘उत्साह’. फेब्रुवारीत ती राज्याच्या सामन्यांत खेळली. मार्चमध्ये पुण्यातल्या मार्गदर्शक शिक्षकांच्या एका मेळाव्यात रणपिसे यांनी निबंध वाचला : ‘बाल खेळाडूंमधील फिरते दुखणे : एक निरीक्षण’. ‘खरी दुखापत जागा सोडत नाही’ हे वाक्य त्यात दोनदा होतं. टाळ्या पडल्या. सायक्लोस्टाइल केलेल्या साठ प्रती वाटल्या गेल्या आणि मेळाव्याच्या त्रैमासिकाने तो छापलाही. हमालाच्या मुलाचं नाव छापून आलेली ती पहिली वेळ. बन्सीने अंक देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोनाड्यात ठेवला.

पुढच्या दोन वर्षांत अंजनाचा खेळ उतरला. दम पुरत नाही, असं हौसराव म्हणत. मुली मोठ्या झाल्या की असं होतंच, असंही म्हणत. सत्त्याहत्तरच्या वैशाखात तिचं लग्न यवतजवळच्या कासुर्डीत झालं. सासरे सोपानराव बागायतदार, सोसायटीचे संचालक. लग्नात रणपिसे यांना फेटा बांधला गेला.

ऑगस्ट १९७८. रणपिसे यांच्या धाकट्या भावाची अकरा वर्षांची मुलगी तापाने आजारी होती. ते तिला शिरूरच्या डॉ. बोरा यांच्याकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, “दुखणं जागा बदलतं का? आज गुडघा, उद्या घोटा, असं?”

“नाही. का?”

“मग बरं. महिन्यापूर्वी घसा आला होता म्हणता, म्हणून विचारलं. जागा बदलत फिरलं असतं तर मी आजच्या आज पुण्याला पाठवलं असतं. सांधेतापात तसं होतं. आमचे सर शिकवताना म्हणायचे, हा ताप सांध्यांना नुसता चाटतो, चावतो हृदयाला. सांधे आपोआप बरे होतात आणि लोक फसतात. पोराला सहा-सहा महिने खाटेवरून उठू द्यायचं नसतं, आणि ते हुंदडत असतं.”

“आपोआप बरे होतात?” रणपिसे यांनी विचारलं.

“पाच-सहा दिवसांत. औषध द्या, नका देऊ.”

पुतणीला साधा ताप होता, ती तिसऱ्या दिवशी शाळेत गेली. रणपिसे यांनी चौऱ्याहत्तरची वही काढली. नवं शोधण्यासारखं काही नव्हतं. घसा, कसर, कणकण, गुडघा, घोटा, मनगट, पाच दिवस, एकशे चोवीस. सगळं त्यांच्याच अक्षरात, योग्य रकान्यांत, तारखांसह. चुकला होता तो एकच रकाना.

पुढच्या रविवारी ते कासुर्डीला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. अंजना सात महिन्यांची गरोदर आहे, हे त्यांना अंगणात पाऊल टाकल्यावर कळलं. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. सर आले म्हणून उठली आणि दोन पावलांत धापली.

“रातच्याला बसूनच झोपती,” सासू पार्वतीबाई म्हणाली. “आडवी झाली की खोकला येतो म्हंती. पहिलटकरीण हाय, चालायचंच.”

सोपानरावांनी खाट टाकायला लावली, वर सतरंजी. शेजारचे दोघे येऊन टेकले. आतून चहा आला, काचेच्या कपाटातल्या कपबश्यांत. रणपिसे यांना कपबशी ओळखता येते. ते लहान असताना बन्सी ज्या घरांत पोतं टाकायला जाई तिथे त्याच्यासाठी कान तुटलेला कप अंगणातल्या वळचणीला खोचलेला असे. पिऊन झाला की त्यानेच विसळून परत खोचायचा. इथे त्यांना घरातला कप मिळाला होता, घरातल्या खाटेवर, चार लोकांदेखत.

“हे आमच्या सुनंचे सर,” सोपानराव शेजाऱ्यांना सांगत होते. “पोरीला पार स्टेटपातुर नेली. आवं, माहेरचे तिला भगताकडं नेत हुते. ह्यांनी सोडवली. नायतर आज काय झालं असतं सांगा?”

“व्हय, शिकलेला माणूस तो शिकलेलाच,” एक शेजारी म्हणाला.

रणपिसे यांनी चहा प्यायला. उठताना ते म्हणाले, “एकदा डॉक्टरला दाखवून घ्या.” सगळेच म्हणतात तसं, आणि त्याच आवाजात.

“व्हय व्हय,” पार्वतीबाई म्हणाली. “सुईण हाय की घरची.”

एस. टी. यवतला पोचेपर्यंत त्यांनी स्वतःला पटवलं होतं की आपण सांगितलं. शिरूर येईपर्यंत ते टिकलं नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस गेले. या दिवसांचा हिशेब ते आजही टाळत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचार केला की मुलीच्या हृदयात दोष आहे असं कळलं तर सासरचे म्हणतील आम्हाला फसवून दिली, आणि तिला माहेरी पाठवतील. म्हणजे न सांगणंच तिच्या भल्याचं. हे कारण खरं होतं, आणि सोयीचंही होतं. दुसऱ्या आठवड्यात कस्तुराबाईला पत्र लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्या आठवड्यात हौसरावांनी कासुर्डीला निरोप न्यावा म्हणून ते दौंडला गेले. हौसराव बोलके, त्यांना जमेल, असं त्यांच्या मनात होतं.

मैदानावर सराव चालू होता. रणपिसे यांनी तोंड उघडायच्या आत हौसरावांनी खिशातून बाटली काढून हलवली.

“सर, ही चौथी बाटली. तुमचं शास्त्र लई भारी! आता तुमची वाट बी बघत न्हाई. आज सकाळीच त्या लाल रिबिनीवालीला दिल्या चार.”

“काय होतंय तिला?”

“तेच की. कधी घोटा म्हंती, कधी टाच.”

“किती जणींना दिल्या आजपर्यंत?”

“मोजल्यात व्हय? सासूला सोडून सगळ्यांना.” हौसराव हसले. मग त्यांनी समोरच्याचा चेहरा बघितला. “काय झालं?”

रणपिसे यांनी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. काही न सांगता लाल रिबीनवालीला घेऊन ते रेल्वेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिचा घसा बघितला, छातीला नळी लावली, शेवटी बूट काढायला सांगितले. थोरल्या बहिणीचे बूट होते, एक नंबर लहान. घोट्याला आणि टाचेला फोड आले होते. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, “एवढ्यासाठी पळत आलात?”

दवाखान्याच्या पायरीवर रणपिसे यांनी मागोमाग आलेल्या हौसरावांना सगळं सांगितलं. हौसरावांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

“मी म्हणलं हुतं बसवतो तिला,” ते म्हणाले.

“म्हणाला होतात.”

“मग कासुर्डीला मी न्हाई जायचो, सर. तुम्हीच जा. आन् आत्ताच जा.”

दुपारच्या सोलापूर-पुणे एस. टी.ने रणपिसे कासुर्डी फाट्यावर उतरले. सोपानराव अंगणात होते. खाट टाका म्हणून त्यांनी आत हाक मारली. रणपिसे उभेच राहिले आणि उभ्यानेच बोलले. सांधेताप काय असतो, चौऱ्याहत्तर साली काय झालं, आत्ताची धाप आणि सूज कशाची असू शकते, बाळंतपणात काय होऊ शकतं. वर्गात बोलावं तसं, क्रमाने. सोपानरावांना समजायला वेळ लागला.

“म्हंजी पोरगी खोडीची हाय, आन् आम्हाला न सांगता दिली?”

“तिच्या आईबापांना माहीत नव्हतं. आई दवाखान्यात नेणार होती. मीच नको म्हणालो.”

“तुम्ही?”

“मी.”

पार्वतीबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, “हे तुम्हाला कवा कळलं?”

“तीन आठवड्यांपूर्वी.”

“म्हंजी मागल्या खेपेला हितं बसून चहा पिलात, तवा ठाऊक हुतं?”

“होतं.”

“आन् पिलात.”

तिच्या मागून अंजना बाहेर आली, चौकट धरून.

“सर,” तिने विचारलं, “मग तवा खरंच दुखत हुतं?”

“खरंच दुखत होतं.”

“गुडघा बी? मनगट बी?”

“सगळं.”

“मला वाटायचं मीच खोटारडी.” ती थांबून थांबून बोलत होती, दम घेत. “आत्ता बी छातीत भरून येतं. कुणाला बोलले न्हाई. म्हणलं, मनाचं असंल. तुम्ही सांगितलं हुतं ना तसं म्हणत बसते, हे खरं न्हाई, हे खरं न्हाई.”

सोपानराव काही म्हणणार होते. पार्वतीबाईने हात वर केला. “काय बोलायचं ते मागनं बोला. खोडीची का कशी, आता आपली हाय. यवतला जीप मिळती का बघा आधी. आन् सर, तुम्ही बी चला. डॉक्टरला हे सगळं जसंच्या तसं सांगायचं. मला असलं बोलाय येत न्हाई.”

पुण्याला ससून रुग्णालयात रणपिसे यांनी चौऱ्याहत्तरची वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पानं उलटली, छाती तपासली, हृदयाची झडप अरुंद झाल्याचं सांगितलं आणि बाळंतपणापर्यंत मुलीला तिथेच ठेवून घेतलं. वही परत देताना ते म्हणाले, “नोंदी फार चांगल्या आहेत.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अंजना बाळंत झाली. मुलगी, पावणेदोन किलो. आधीचे दोन दिवस अवघड गेले. मायलेकी महिन्याने कासुर्डीला आल्या, माहेरी नाही, सासरीच. झडपेचं ऑपरेशन करावं लागेल, पण मूल अंगावर पितंय तोवर थांबू, असं ठरलं. तोवर दर एकविसाव्या दिवशी यवतला जाऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते बहुधा जन्मभर.

रणपिसे यांनी त्रैमासिकाला पत्र पाठवलं : माझा निबंध चुकीचा आहे, कृपया तसं छापा. तीन महिन्यांनी उत्तर आलं की जुन्या अंकांतील मजकुराविषयी पत्रव्यवहार प्रसिद्ध करण्याची प्रथा नाही. मग ते सुट्टीच्या दिवशी शाळाशाळांतून हिंडून सायक्लोस्टाइल प्रती परत मागू लागले. साठांपैकी बावीस मिळाल्या. एका शाळेत तो निबंध पी. टी. मास्तरांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता, ‘खरी दुखापत जागा सोडत नाही’ या ओळीखाली लाल रेघ. खरवडून काढताना कपाटाचा रंग निघाला. मास्तर म्हणाले, “सर, कशाला एवढं? आमचं तर काम होतंय त्याने.”

कोनाड्यातला अंक त्यांनी काढला नाही. बन्सी रोज तिथे बघतो.

खोली चालू आहे. दुखतंय म्हणून येणाऱ्या खेळाडूने आधी डॉक्टरची चिठ्ठी आणायची, असा नियम त्यांनी केला. त्यामुळे बरेच मास्तर येईनासे झाले. चिठ्ठीच आणायची तर सर कशाला, असं म्हणतात. हौसराव येतात. वहीत आता पाचच रकाने असतात.

दर एकविसाव्या दिवशी रणपिसे यवतला जातात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. पहिल्यांदा ते दवाखान्याच्या बाकावर दिसले तेव्हा पार्वतीबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ती सरकली, जागा दिली, तांब्यातलं पाणी दिलं. कंपाउंडरने समोरच्या हॉटेलातून चहा सांगू का विचारलं, तर तीच म्हणाली, “सरांना नको. त्यांचा झालाय.”

गेल्या खेपेला, म्हणजे या मार्चमध्ये, अंजना इंजेक्शन घेऊन बाहेर आली आणि बाकाच्या टोकाला बसली. सुईची जागा तिने पदरावरून दाबून धरली होती. सासू औषधाच्या खिडकीशी होती. अंजना हळू आवाजात म्हणाली, “सर, या खेपेला पार मांडीपातुर ठणकतंय.”

“मग डॉक्टरांना सांग.”

“सांगते.” ती उठली नाही. “पर आधी तुम्हाला विचारते. खरंच ठणकत असंल ना?”

रणपिसे यांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. ते उठले, डॉक्टरांच्या खोलीचा पडदा बाजूला केला आणि म्हणाले, “डॉक्टर, हिला दुखतंय.” मग बाहेर येऊन, ती आत जाईपर्यंत, पडदा धरून उभे राहिले.